उर्फ मामा

ऑफिसात मला चाळण म्हणतात. तोंडावर ताई आणि पाठीमागे चाळण. मला ते पहिल्यापासून माहीत आहे आणि खरं सांगायचं तर बरीच वर्षं ते आवडायचंही. चाळणीतून खडा सुटत नाही, असा त्याचा अर्थ मी लावला होता.

कुठल्या लढाईकडे कुठून चोरून बंदुका जातात, त्या कोण विकतो, कोण वाहतो, खोटे कागद कोण करून देतो हे हुडकायचं आणि त्यातल्या कुणाला निर्बंधांच्या यादीत घालायचं ते सुचवायचं, हे माझं काम. तेवीस वर्षं करते आहे. यादीत नाव गेलं की माणसाचं बँकेतलं खातं गोठतं, पासपोर्ट चालत नाही, त्याला खिळा विकणारासुद्धा गुन्हेगार ठरतो. अटक नाही, कोर्ट नाही, साक्षीदार नाही. नुसतं एक पान. ते पान मी लिहिते.

त्या पानाला आम्ही कारणपत्र म्हणतो. वर नाव, त्याखाली 'उर्फ', मग जन्मतारीख, पत्ता आणि खाली दहा-बारा ओळींत कारण. नव्या मुलामुलींना शिकवताना मी सांगायची, उर्फचा रकाना नीट भरा, कारण नाव आईबाप ठेवतात, उर्फ माणूस स्वतः कमावतो. वाक्य माझंच होतं आणि त्यावर मी हशाही घेतला आहे. आता ते आठवलं की कानशिलं तापतात.

तीन वर्षांपूर्वीची ती यादी अकरा नावांची होती. एक दलाल, त्याचे दोन भागीदार, एक जहाजमालक, एक जहाज, कागद रंगवणारे तिघे, अशी सगळी वरात. नऊ महिने आम्ही त्यांचे निरोप वाचत होतो. प्रत्येक तिसऱ्या निरोपात एक माणूस यायचा. 'मामा पेट्या देतो.' 'मामाला विचार.' 'मामा आला की निघू.' हा मामा कोण ते काही केल्या कळेना. साहेब रोज सकाळी विचारायचे, "सापडला का मामा?" आणि मी मान हलवायची. नऊ महिने तो मामा आम्हालाच मामा बनवत होता.

मग एका बंदरात पंपाचे सुटे भाग म्हणून उतरवलेल्या पेट्या उघडल्या आणि आत रायफली निघाल्या. पेट्या देवदाराच्या होत्या. प्रत्येकीच्या कोपऱ्यावर डाग देऊन उठवलेला एका कारखान्याचा शिक्का होता. कारखाना म्हणजे काय, एक पत्र्याची शेड, एक करवत आणि तीन कामगार. मालक अठ्ठावन्न वर्षांचा. ज्याला हवी त्याला हव्या त्या मापाची पेटी करून द्यायची, एवढाच त्याचा धंदा. पेटी करणारा आत काय भरणार ते विचारत नाही, हे मलाही कळत होतं. नुसत्या शिक्क्यावर मी त्याला यादीत घातला नसता.

पण त्या दलालाचा माल ज्या शिपिंग ऑफिसातून जायचा, तिथल्या फोनवरचं एक बोलणं आमच्या हाती लागलं. आमच्याकडे ते उतरवून आलं ते असं:

'स्त्री: मामा, पेट्या झाल्या का? पुरुष: चार झाल्या. स्त्री: गुरुवारी लागतील. पुरुष: गुरुवारी मिळतील. (पुढे घरगुती बोलणं, वगळलं.)'

फोन पेटीवाल्याच्या शेडमध्ये गेला होता. बोलणारी बाई त्या शिपिंग ऑफिसातली कारकून. आणि त्याच गुरुवारी दलालाचा माल निघाला होता. मी खुर्चीवरून उठले आणि साहेबांच्या दारात जाऊन म्हणाले, "सापडला मामा." साहेबांनी त्या दिवशी सगळ्यांना चहा पाजला. पेटीवाल्याचं कारणपत्र मी जेवायच्या सुट्टीआधी लिहून संपवलं. उर्फच्या रकान्यात दोन अक्षरं घातली.

यादी सगळ्या सभासद देशांकडे गेली. आमचा नियम असा, की दहा दिवस वाट बघायची. दहाव्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत कुणी लेखी हरकत घेतली नाही, तर यादी मंजूर. हात वर करायचे नाहीत, हो म्हणायचं नाही. मौन म्हणजे संमती. पूर्वी मुलींना लग्नाचं विचारत तेव्हाही हाच नियम असायचा आणि त्याचे परिणाम सगळ्यांना ठाऊक आहेत.

दहाव्या दिवशी दुपारी मी माझ्या टेबलाशी अकरा पानं शेवटची वाचत होते. चहा आला. आमच्याकडे चहा आणि फायली आणणारे एक गृहस्थ आहेत, निवृत्तीला आलेले, गुडघ्यातून जरा वाकलेले. त्यांनी कप ठेवताना वरचं पान वाचलं आणि हसून म्हणाले,

"ताई, हा मामा कोण? मी तर नाही ना?"

मीही हसले. मग हसता हसता थांबले.

कारण त्यांनाही आम्ही मामाच म्हणतो. साहेबांपासून झाडूवालीपर्यंत सगळे. मी दिवसातून वीस वेळा हाक मारते, मामा, फाईल आणा. मामा, खिडकी लावा. ते माझ्या आईचे भाऊ नाहीत आणि त्यांनी आजवर बंदूकही विकलेली नाही. ज्या हाकेवर निम्मं जग ओ देईल, ती हाक मी एका माणसाची ओळख म्हणून कागदावर लिहिली होती.

मी त्या फोनचं मूळ ध्वनिमुद्रण मागवलं. कानाला लावलं. पेट्या झाल्या का, चार झाल्या, गुरुवारी लागतील. इथवर सगळं उतरवल्याबरहुकूम. मग जिथं 'घरगुती बोलणं, वगळलं' लिहिलं होतं तिथं ती मुलगी म्हणाली,

"आणि मामा, जेवलात का?"

"जेवलो गं बाळे. तू उपाशी राहू नकोस. घर हलवायचं म्हणजे कंबर मोडते. पेट्या मी स्वतः घेऊन येतो, तू जड काही उचलायचं नाहीस."

"तुमच्या पाठीचं काय?"

"माझी पाठ अजून तुझ्या लग्नात नाचणार आहे."

मी ते तीनदा ऐकलं. ती घर बदलत होती. भांडी आणि पुस्तकं भरायला तिला चार पेट्या हव्या होत्या. दलालाची माणसं आपल्या मामाला 'आला', 'गेला' करत होती. ही 'जेवलात का' विचारत होती. एवढ्याशा 'लात'मध्ये सगळा निकाल होता आणि तो आमच्या कागदावर उतरलाच नव्हता. घरगुती बोलणं उतरवू नये, वेळ जातो, असा लेखी हुकूम सहा वर्षांपूर्वी कुणी काढला होता? मीच. चाळणीनं दाणा फेकून दिला होता आणि भुसा जपून ठेवला होता.

चार वाजता मी साहेबांकडे गेले.

"साहेब, पेटीवाल्याबद्दल मला शंका आहे."

साहेबांनी चष्मा काढला. "शंका की खात्री?"

"शंका. दुसरा मामा असू शकेल."

"असू शकेल म्हणजे कोण?"

"ते माहीत नाही."

ते वाईट माणूस नाहीत. त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली आणि समजावणीच्या सुरात म्हणाले, "हे बघा, अकरा जणांची मोट एकत्र बांधलीय. एक पान मागं घेतलंत की सगळी यादी परत. पुन्हा तीन महिने. जहाज परवा सुटतंय. आत काय आहे ते तुम्हालाच जास्त माहीत." मग जरा थांबून म्हणाले, "नाव नंतर काढताही येतं. पण कारणपत्र तुमचं आहे. पाचपर्यंत तुम्ही ते मागं घेऊ शकता. मी अडवणार नाही."

मी साहेबांना 'जेवलात का' सांगितलं नाही. का सांगितलं नाही? मी पुष्कळदा स्वतःला विचारलं आहे. सांगितलं असतं तर ती शंका राहिली नसती, खात्री झाली असती. आणि खात्री झाली असती तर मला ते पान मागं घ्यावंच लागलं असतं.

परत येऊन बसले. समोर भिंतीवर घड्याळ. टेबलावर, काचेखाली, एका गावातल्या विहिरीचा फोटो होता. विहिरीच्या काठावर काडतुसांचा सडा पडलेला आणि एक बादली कलंडलेली. असे फोटो मी मुद्दाम काचेखाली ठेवते, काम कशासाठी चाललंय ते विसरायला नको म्हणून. जहाज सुटलं तर अशा किती विहिरी, हा हिशोब मी केला आणि पारड्याच्या दुसऱ्या बाजूला एक म्हातारा होत चाललेला सुतार ठेवला. सुक्याबरोबर ओलंही जळतं, असं आपल्यात म्हणतात. म्हणणारा कधी ओल्यातला नसतो, हे मला तेव्हा सुचलं नाही. आणि हेही कबूल करते, की विहिरीच्या शेजारी नऊ महिन्यांची मेहनत, साहेबांचा चहा आणि माझं चाळण हे नावही त्या पारड्यात बसलेलं होतं.

पाच वाजले. कुणी काही बोललं नाही. मीही.

जहाज अडवलं. आत खरोखरच बंदुका होत्या, दोन हजारांच्या वर. पेपरात बातमी आली. साहेबांनी माझी पाठ थोपटली.

दोन महिन्यांनी भाचीचं पत्र आलं. शिपिंग ऑफिसातल्या त्या कारकून मुलीचं. तिची चौकशी करून तिला सोडून दिलं होतं, नोकरी मात्र गेली होती. एका पानाचं पत्र होतं, वळणदार अक्षरातलं. त्यातलं एक वाक्य मला पाठ आहे. 'मी त्यांना मामा म्हणते, कारण ते माझे मामा आहेत.'

त्यानंतर मी पेटीवाल्याचं नाव काढण्याच्या मागं लागले, हात धुऊन. वरातीमागून घोडं म्हणतात तसं. तेव्हा मला आमच्याच नियमाचं दुसरं टोक दिसलं. नाव घालताना मौन म्हणजे संमती. नाव काढताना मौन म्हणजे नकार. प्रत्येक सभासदानं लेखी 'हो' म्हटल्याशिवाय नाव निघत नाही. चौदा जणांनी पहिल्या वर्षात 'हो' लिहिलं. पंधराव्याचा प्रतिनिधी उत्तरच देईना. त्याच्या मनात काही काळंबेरं नव्हतं, फाईल नुसती कुठल्यातरी ढिगाखाली होती. मी पत्रं पाठवली, फोन केले, एकदा बैठकीबाहेर त्याला गाठला. तो हसून म्हणाला, "हो, हो, बघतो."

मध्यंतरी खरा मामा पकडला गेला. चौतीस वर्षांचा आडदांड गडी, ना कुणाच्या आईचा भाऊ, ना कुणाचा काका. बंदुकांच्या धंद्यात यायच्या आधी पोलिसात होता. पोलिसाला पाठीमागं मामा म्हणतात, हे शेंबडं पोरही सांगेल. मला नऊ महिन्यांत ते सुचलं नव्हतं. त्याचं नाव यादीत गेलं, उर्फ मामा. आता यादीत दोन मामा झाले आणि तरीही पंधरावा गप्पच होता.

पेटीवाल्याला कुणी लाकूड देईना, खिळे देईना. वखारवाले जुने ओळखीचे, पण त्यांचा काय दोष? शेड बंद पडली. कामगार पांगले. त्यातल्याच एकाच्या घरी, मागच्या खोलीत, तो राहायला गेला. हे सगळं भाची मला दर दोन-तीन महिन्यांनी लिहायची. तक्रार म्हणून लिहायची नाही, माहिती म्हणून लिहायची. मी तिला एकदाही लिहिलं नाही, की तुझा तो फोन मी पाचच्या आधी ऐकला होता. उलट, नाव काढण्याच्या अर्जात मी लिहिलं, 'नव्यानं लक्षात आलेल्या ध्वनिमुद्रणावरून'. नव्यानं! माझ्या अक्षरातला तो शब्द त्या फाईलमध्ये अजून आहे.

गेल्या महिन्यात पंधराव्या देशाचा प्रतिनिधी बदलला. नवीन बाईनं टेबल आवरताना फाईल उघडली आणि दहा मिनिटांत 'हो' लिहून पाठवलं. दहा मिनिटांचं काम होतं, त्याला तीन वर्षं लागली.

नाव काढल्याचं पत्र घ्यायला भाची स्वतः आली. दुपारची वेळ. तिशीची, सडपातळ, खांद्याला कापडी पिशवी. मला ती फक्त आवाजानं माहीत होती. मामांनी तिला खुर्ची दिली, आमच्या मामांनी, आणि मी "मामा, पाणी आणा" म्हटल्याबरोबर ती दचकली. मग ओशाळून हसली.

"सवय गेलीय ऐकायची," ती म्हणाली.

मी पत्र तिच्या हातात दिलं. तिनं ते सावकाश वाचलं, घडी घातली, पुन्हा उघडून पुन्हा वाचलं.

"म्हणजे आता संपलं?"

"संपलं. तुमच्या मामांना अजून कळवलेलं नाही. तुम्हीच सांगावं असं मला वाटलं. इथूनच फोन लावा."

तिनं पत्र मांडीवर ठेवलं. मग म्हणाली, "मॅडम, तीन वर्षांत मी त्यांना फोन केलेला नाही. वकिलांनी बजावलं होतं, की फोन करायचा नाही, भेटायचं नाही. एकमेकांशी संबंध दिसला तर दोघंही अडकाल. मी त्यांच्या शेडमधल्या जुन्या कामगारकाकांना विचारायची आणि ते मला खुशाली सांगायचे." पिशवीचा बंद ती बोटाला गुंडाळत होती. "आई गेली तेव्हा मी सात वर्षांची होते. माझा सगळा अभ्यास त्यांच्या शेडमध्ये झालाय, पेटी उलटी घालून. त्यांच्या कानावर पेन्सिल असायची आणि ती मी चोरायची. आणि शेवटी माझ्याच हाकेनं त्यांना बुडवलं. दुसरं काही म्हणत असते, तर वाचले असते."

मी म्हणायला हवं होतं, की बाई, तुझ्या हाकेनं नाही. पण तोवर तिनं नंबर लावला होता. फोन टेबलावर ठेवला आणि आवाज मोठा केला. घंटी बराच वेळ वाजली.

"हॅलो." तोच आवाज. मी तीनदा ऐकलेला. पण तेव्हा त्यात हसू होतं.

"मामा, मी बोलतेय."

पलीकडून श्वास ऐकू येत होता.

"मामा, जेवलात का?"

"कोण मामा?" तो म्हणाला. घाईघाईनं आणि पाठ केल्यासारखं. "इथं कुणी मामा नाही. मी कुणाचा मामा नाही. तुमचा नंबर चुकलाय."

फोन बंद झाला.

भाची त्या फोनकडे बघत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्यांचं चुकलं नाही. वकिलांनीच तसं शिकवलं होतं. कुणीही मामा म्हटलं की असं म्हणायचं. फोन ऐकत असतात म्हणून." जरा वेळानं म्हणाली, "मी जाईन ना उद्या. पत्र दाखवीन. मग ठेवतील विश्वास." तिचा स्वतःचा मात्र त्यावर फारसा विश्वास दिसत नव्हता.

ऐकत असतात ते कोण, ते तिच्यासमोरच बसलं होतं. मी तेवीस वर्षांत कुणाची माफी मागितलेली नाही, तशी वेळच आली नाही, असं मी अभिमानानं सांगत असे. मला रडू येत होतं आणि रडायचा हक्क आपला नाही हेही कळत होतं.

"मला तुम्हाला काही सांगायचंय," मी म्हणाले. "तुमचा तो फोन मी यादी मंजूर व्हायच्या आधी ऐकला होता. त्याच दिवशी, दुपारी. पुरता ऐकला होता. ते तुमचे मामा आहेत आणि तुम्ही घर हलवताय, हे मला कळलं होतं. माझ्या हातात एक तास होता. मी गप्प बसले. तुमच्या हाकेनं नाही बुडवलं त्यांना. माझ्या गप्प बसण्यानं बुडवलं."

तिनं मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर आधी काहीच नव्हतं. मग राग आला, तोही संथपणे, जसा खरा राग येतो.

"तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"तीन वर्षं मी तुम्हाला पत्रं लिहीत होते. तुमचे आभार मानत होते."

"हो."

ती उठली. पत्र पिशवीत टाकलं. मला वाटलं आता जाईल, आणि तिनं तसं जाणंच रास्त होतं. दारापर्यंत गेली. तिथं थांबली. पाठ माझ्याकडेच होती.

"तो फोन आहे अजून तुमच्याकडे?"

"नाही. नाव निघालं की पुरावा नष्ट करतात. परवाच पुसलं."

"मला त्यातलं पेट्यांचंच आठवतं. चौकशीत तेच तेच विचारलं ना, पुढचं पुसून गेलं. हसलो होतो एवढं आठवतं." तिनं चौकटीवर हात ठेवला. "फोनवरचं आमचं शेवटचं तेवढंच बोलणं. काय म्हणाले होते ते?"

मला शब्दन्‌शब्द पाठ होतं. तीन वर्षांत असा दिवस गेला नव्हता की ते कानात वाजलं नाही. मी तिला सांगितलं. माझा आवाज जाडाभरडा, तरी जसं होतं तसं सांगितलं.

"तुम्ही विचारलंत, जेवलात का. ते म्हणाले, जेवलो गं बाळे. तू उपाशी राहू नकोस. घर हलवायचं म्हणजे कंबर मोडते. पेट्या मी स्वतः घेऊन येतो, तू जड काही उचलायचं नाहीस. तुम्ही म्हणालात, तुमच्या पाठीचं काय. तर म्हणाले, माझी पाठ अजून तुझ्या लग्नात नाचणार आहे."

ती दाराच्या चौकटीला डोकं टेकून उभी होती. बाहेरून मामा पाण्याचा पेला घेऊन आले आणि तिला तसं बघून जागीच थांबले.

"पुन्हा सांगा," ती म्हणाली.